माळेची दोन टोकं

रोज सकाळी आठ आणि रात्री आठ. माझ्या धाकट्या भावाच्या घरी या दोन वेळांना एक ठरावीक वास येतो. चंदेरी पाकीट फाडून तो कॅप्सूल बाहेर काढतो आणि स्पिरिटसारखा दर्प क्षणभर खोलीत पसरतो. त्याची मुलं लहान होती, तेव्हा या वासाला 'अब्बूचा वास' म्हणायची.

१९९८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात आमच्या आपानं, म्हणजे थोरल्या बहिणीनं, त्याला आपलं एक मूत्रपिंड दिलं. शरीर परक्या अवयवाला शत्रू समजतं, मग तो सख्ख्या बहिणीचा का असेना. हे शत्रुत्व दाबून ठेवणारं औषध त्या कॅप्सूलमध्ये असतं. त्याचं नाव सायक्लोस्पोरिन.

श्रोतेहो, हे नाव मी इतकी वर्षं औषधाच्या बिलावर वाचलं, पण ते कशाचं आहे हे कधी विचारलं नाही. सायक्लो म्हणजे चक्र, एवढं कळायला माझं बी. ए. पुरेसं होतं. कसलं चक्र, हे मात्र मला आपाच्या मुलीनं शिकवलं. ऑपरेशन झालं तेव्हा ती पाच वर्षांची होती. आज ती पुण्यात एका प्रयोगशाळेत अशीच चक्रं बनवण्याचं काम करते. मामाचं औषध बघून तिनं हा विषय निवडला असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. विचारलं, तर म्हणाली, "नाही मामू, त्या लॅबमध्ये जागा रिकामी होती."

तर आधी माळेविषयी. आपल्या शरीरातली प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लं नावाच्या लहान रेणूंच्या माळा. हे मणी मुख्यतः वीस प्रकारचे. माळ लांबलचक असली की तिला प्रथिन म्हणायचं आणि साधारण पन्नासेक मण्यांपर्यंत आखूड असली की पेप्टाइड. प्रत्येक मण्याला दोन टोकं, एक अमिनो आणि एक आम्ल. एका मण्याचं आम्ल टोक शेजारच्याच्या अमिनो टोकाला जुळतं आणि जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. हे पाणी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आमच्या अम्मीची तसबीह एकदा नमाजच्या चटईवरच तुटली. मणी टोकाकडून घरंगळत गेले, दोन तर कपाटाखालून कधी निघालेच नाहीत. गाठ शाबूत असती, तर एकही निसटला नसता. पेप्टाइडचं असंच होतं. पोटातली आणि रक्तातली कितीतरी विकरं माळेचे मणी टोकाकडून एकेक करून खुडतात. म्हणून साधं पेप्टाइड औषध म्हणून गिळलं, तर ते डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं. पण माळेची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली, तर खुडायला टोकच राहत नाही. शिवाय सुटी माळ कशीही वळवळते. तिचं कडं झालं की तिला एक आकार येतो आणि शरीरातल्या नेमक्या खाचेत ती जाऊन बसते. चक्राकार पेप्टाइडांमागे जगभरच्या प्रयोगशाळा लागल्या आहेत, त्या यासाठी.

भावाच्या कॅप्सूलमधलं कडं अकरा मण्यांचं आहे. ते माणसानं ओवलेलं नाही. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत, सुटीवर गेलेल्या कर्मचाऱ्यांनी तिथली थोडी माती घेऊन यायची, असा प्रघात होता. मातीतल्या बुरशांत नवी औषधं सापडतात म्हणून. १९६९ मध्ये नॉर्वेतल्या हार्डांगरविड्डा या उजाड पठारावरून अशी माती आली. तिच्यातल्या बुरशीत हे कडं सापडलं आणि १९७२ मध्ये ते प्रतिकारशक्तीला आवर घालतं, हे दिसलं. पण औषध पोटातून रक्तात उतरेना. तेव्हा या कामातले एक शास्त्रज्ञ, जाँ-फ्रान्स्वा बोरेल, यांनी ते दारूत विरघळवून स्वतःच पिऊन पाहिलं आणि मग ते रक्तात सापडलं. कॅप्सूलच्या त्या दर्पाचं मूळ मला इथे सापडलं. आजही त्यात औषध विरघळवायला अल्कोहोल असतं. भावानं हे कळल्यावर मौलवीसाहेबांना विचारलं होतं. जीव वाचवणारं औषध आहे, बिनघोर घे, असं ते म्हणाले.

१९७८ मध्ये केंब्रिजला रॉय काल्न यांनी ते मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना दिलं आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

आमच्या घरात ते आलं, तेव्हा महिन्याच्या कॅप्सूलचा खर्च भावाच्या पगाराहून जास्त होता. अम्मीच्या बांगड्या पहिल्याच वर्षात गेल्या. दुसऱ्या वर्षी भावानं कुणाला न सांगता रात्रीची कॅप्सूल दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं, तेव्हा बिंग फुटलं. आपा एरवी आवाज चढवत नाही. त्या दिवशी म्हणाली, "गुर्दा माझा आहे. तुला वापरायला दिलाय. पुरवून पुरवून खायचं असेल तर भाकरी खा, औषध नाही." त्यानंतर आम्ही भावंडांनी खर्च वाटून घेतला.

हे औषध गरीब गाय नाही. त्यानं हिरड्या सुजतात, अंगावर केस वाढतात आणि ज्या मूत्रपिंडाला ते वाचवतं, त्याच मूत्रपिंडाला जादा झालं तर इजाही करतं. म्हणून रक्तातलं प्रमाण सतत मोजावं लागतं. आमच्या परसात पपनसाचं झाड होतं. डॉक्टरांनी पपनस बंद करायला सांगितलं, तेव्हा अम्मीला वाटलं की थंड पडतं म्हणून असेल. खरं कारण असं, की आतड्यातलं एक विकर या औषधाचा काही भाग निकामी करत असतं. पपनस त्या विकराचाच हात धरून ठेवतं आणि रक्तातलं औषध एकदम वाढतं.

आता प्रयोगशाळेत चला. एका कविसंमेलनाच्या निमित्तानं पुण्याला गेलो होतो, तेव्हा भाचीनं मला आत नेलं. मला वाटलं होतं, काचेच्या नळ्यांतून रंगीत धूर निघत असेल. तिनं दाखवली ती इंजेक्शनच्या सिरिंजसारखी प्लॅस्टिकची नळी. तळाशी चाळणी आणि आत बारीक पिवळट दाणे. न्यूयॉर्कच्या ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये जगापुढे मांडलेली ही युक्ती आहे. त्यापूर्वी एकेक मणी जोडल्यावर दर वेळी माळ गाळून, शुद्ध करून घ्यावी लागे, त्यात महिने जात. मेरिफिल्डनी पहिला मणी प्लॅस्टिकच्या दाण्यालाच चिकटवून टाकला. पुढचा मणी भरपूर प्रमाणात ओतायचा, जोडला गेला की उरलेलं सगळं धुऊन काढायचं. माळ दाण्याला घट्ट असल्यानं वाहून जात नाही. प्रत्येक नव्या मण्याच्या अमिनो टोकावर एक टोपी घातलेली असते, नाहीतर मणी आपापसांतच जुळत बसतील. जोडून झालं की टोपी काढायची, धुवायचं, पुढचा मणी घालायचा. १९८४ मध्ये या साध्या कल्पनेला नोबेल मिळालं.

मणी नीट जुळला की नाही हे बघायला भाचीनं चार दाणे काढून त्यांवर निनहायड्रिनचे थेंब टाकले आणि गरम केलं. दाणे निळे झाले, तर कुठेतरी अमिनो टोक मोकळं राहिलंय, म्हणजे काम अपुरं. त्या दिवशी ते निळे झाले आणि तिनं तोच मणी पुन्हा जोडायला घेतला. कागदावरचे बोटांचे ठसे उमटवायला पोलीस हेच रसायन वापरतात, हे मला तिथेच कळलं. घामातही अमिनो आम्लं असतात म्हणून.

अकरा मण्यांच्या माळेत दहा जोड अशा रीतीनं लागतात. त्यांना वेळ लागतो, पण ते लागतात. अवघड असतो तो अकरावा, शेवटच्या मण्याचं टोक पहिल्या मण्याला लावण्याचा. कडं बनवण्याच्या जेवढ्या पद्धती मी ऐकल्या, त्या साऱ्या या एका प्रश्नाभोवती फिरतात: एकाच माळेची दोन टोकं एकमेकांना भेटवायची कशी?

हे अवघड का, तर कल्पना करा. भरलेल्या जत्रेत शेकडो माणसं डोळे बांधून, दोन्ही हात पसरून फिरताहेत. प्रत्येकानं आपला उजवा हात आपल्याच डाव्या हातात घ्यायचा आहे. गर्दीत काय होणार? जो तो शेजाऱ्याचाच हात धरणार. दोन माळा मिळून एक लांब माळ, नाहीतर दुप्पट मोठं कडं. याच्यावर जुना आणि अजूनही चालणारा उपाय म्हणजे गर्दी पांगवणं. शंभर मिलिग्रॅम माळ एक लिटर द्रावकात सोडायची. चिमूटभर पदार्थ आणि बादलीचा सरंजाम. शेजारी इतका दूर जातो, की माळेला स्वतःचं दुसरं टोकच आधी सापडतं. त्याहूनही सावध माणूस ती माळ पंपानं रात्रभर थेंब थेंब सोडतो. तोटा उघड आहे. द्रावक फार लागतं, ते बहुधा विषारी असतं आणि मग त्याची विल्हेवाट लावावी लागते. म्हणून काही जण माळ दाण्यावर असतानाच कडं बंद करतात. माळ दाण्याला बाजूनं बांधलेली, दोन्ही टोकं मोकळी आणि दाण्यांवर माळा विरळ लावलेल्या. एकमेकींना भेटायला त्या जाणार कुठे?

क्वचित शेजाऱ्याचा हात धरणंच कामी येतं. मॉस्कोत १९४२ मध्ये गाउझे आणि ब्राझनिकोवा या पतिपत्नींनी ग्रॅमिसिडिन एस हे जंतुनाशक शोधलं आणि ते युद्धातल्या जखमींसाठी वापरलं गेलं. ते दहा मण्यांचं कडं आहे, पण त्यात पाच मण्यांचा एकच क्रम दोनदा येतो. ध्रुवपदच समजा. बाझलच्या श्वित्सर आणि झीबर यांनी १९५०च्या दशकात ते प्रयोगशाळेत बनवलं. पाच मण्यांची अर्धी माळ बंद करू गेलं, की दोन माळा एकमेकींना धरून नेमकं दहाचंच कडं तयार होतं, हेही त्यांना दिसलं.

कुठे गाठ मारायची, यालाही महत्त्व आहे. कड्याला सुरुवात नाही की शेवट नाही, म्हणून ते कुठूनही उघडं समजून ओवता येतं. पण सगळ्या जागा सारख्या नसतात. सायक्लोस्पोरिनच्या अकरा मण्यांपैकी सातांच्या नायट्रोजनवर एक जादा मिथाइल गट बसलेला आहे. तिथे अडचण होते आणि जोड लागता लागत नाही. सँडोझच्याच रोलांड वेंगर यांनी १९८४ मध्ये हे कडं प्रयोगशाळेत बनवून दाखवलं, तेव्हा गाठ सातव्या आणि आठव्या मण्यांमध्ये मारली. ते दोन्ही ॲलानिन, त्यांच्यावर मिथाइल नाही. शिवाय उघडी माळ आपोआप अशी दुमडते, की ती दोन टोकं जवळ येतात. चार-पाच मण्यांची लहान कडी तर महाहट्टी असतात. त्यांच्या माळेत मुद्दाम वळण घेणारा मणी घालावा लागतो, प्रोलिन किंवा एखादा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा मणी. वृत्तात अडलेली ओळ एखादा शब्द बदलला की वळते, तसं काहीसं. पण ही उपमा भाचीला आवडली नाही.

कडं झालं की नाही, हे कळतं कसं? इथे ते पाणी कामाला येतं. टोकं जुळली की पाण्याचा एक रेणू जातो, म्हणजे वस्तुमान अठरानं कमी होतं. मास स्पेक्ट्रोमीटरवर आकडा अठरानं कमी दिसला, की लॅबमध्ये चहा. दुप्पट दिसला, की जत्रेतला गोंधळ. पण एक चूक या काट्यावर पकडली जात नाही. गाठ मारण्यासाठी शेवटच्या मण्याचं टोक रसायनानं चेतवावं लागतं, त्या धांदलीत तो मणी कधी उलटा होतो. वजन तेच, पण कडं वेगळं, औषध म्हणून निरुपयोगी. असं उलटलेलं कडं भाचीच्या हाती एकदा लागलं आणि ते ओळखण्यात तिचे तीन आठवडे गेले. म्हणून जमेल तिथे शेवटी ग्लायसिन ठेवतात. त्याला उलटसुलट बाजूच नाही.

टोकालाच टोक जोडायला हवं, असंही नाही. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला जे ऑक्सिटोसिन देतात, त्यात नऊ मणी आहेत. पहिला आणि सहावा मणी सिस्टीन, दोघांच्याही अंगावर गंधक. ही दोन गंधकं हवेतल्या ऑक्सिजननंही एकमेकांना धरतात आणि सहा मण्यांचं कडं व तीन मण्यांची शेपटी तयार होते. व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये ते बनवलं, १९५५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जोड सोपा, पण तेवढाच नाजूक.

बाळंतपणावरूनच पुढची गोष्ट निघते. १९६०च्या सुमारास लोरेंट्स ग्रान हे नॉर्वेचे डॉक्टर रेडक्रॉसतर्फे काँगोत काम करत होते. तिथल्या बायका प्रसूती लवकर व्हावी म्हणून एका झुडपाचा काढा घोट घोट पीत. काढा म्हणजे उकळलेला. त्यातला गुणकारी पदार्थ पेप्टाइड निघाला आणि उकळूनही तो शाबूत होता. पेप्टाइडानं एवढं सोसावं, हे नवलच. उलगडा व्हायला १९९५ उजाडलं. ते २९ मण्यांचं कडं होतं आणि आतून गंधकाच्या तीन जोडांनी गुंतवलेलं. पुढे अशी कडी इतर वनस्पतींतही सापडली, आणि २०११ मध्ये आपल्या गोकर्णीत.

होय, हीच आपली निळी गोकर्ण, कुंपणावरची. आपल्या कड्यांची टोकं गोकर्ण जुळवते कशी, याचा शोध सिंगापूरच्या एका विद्यापीठात जेम्स टॅम यांच्या गटानं घेतला. २०१४ मध्ये त्यांनी तिच्या शेंगांतून ते काम करणारं विकर वेगळं काढलं. मलय भाषेत या फुलाला बुंगा तेलांग म्हणतात, त्यावरून विकराचं नाव ब्यूटलेज. हे विकर माळेच्या शेपटीतले विशिष्ट दोन मणी ओळखतं, ते कापून टाकतं आणि कापलेल्या जागी माळेचं पहिलं टोक आणून जोडतं. साध्या पाण्यात, काही मिनिटांत. टोपी लागत नाही, विषारी द्रावक लागत नाही, मणी उलटा होत नाही. त्याआधी १९९४ मध्ये अमेरिकेत स्टीफन केंट यांच्या गटानं गंधकाच्या मदतीनं पाण्यात जोड लावण्याची रासायनिक पद्धत काढली होती. तिनंही कडी बनतात आणि ती उत्तम आहे. पण माझा पक्षपात गोकर्णीकडे आहे, तो मी लपवत नाही.

अलीकडे तर एकेक कडं बनवायचा नादच काहींनी सोडलाय. टोकियोचे हिरोआकी सुगा पेशीतली प्रथिनं ओवणारी यंत्रणाच परीक्षानळीत चालवतात. तिला पहिला मणी असा देतात, की माळ तयार होताच तो पुढच्या सिस्टीनच्या गंधकाला आपोआप धरतो. एका नळीत एक लाख कोटी वेगवेगळी कडी, प्रत्येकाला त्याच्या कृतीची आरएनएची चिठ्ठी बांधलेली. रोगाशी संबंधित प्रथिन त्यात बुडवायचं, त्याला जे कडं चिकटेल त्याची चिठ्ठी वाचायची. या धर्तीच्या शोधातून निघालेलं झिलुकोप्लान २०२३ मध्ये अमेरिकेत स्नायूंच्या एका आजारासाठी मान्य झालं. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या एका कड्याच्या गोळीच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल २०२५ मध्ये चांगले आले. इंजेक्शन नाही, गोळी. पचून न जाणारी माळ.

पुण्याहून परतल्यावर मी हे सगळं भावाला सांगितलं. आपाही आलेली होती. गोकर्णीचं ऐकून भाऊ उठून बसला. "म्हणजे माझं औषध आता गोकर्णीवर होईल? स्वस्त होईल?"

मी भाचीला फोन लावला. ती थोडी थांबून म्हणाली, "नाही मामू. गोकर्णीच्या विकराला गाठ मारायला ॲस्परजिन लागतं, किंवा त्याचा अगदी जवळचा भाऊ. छोट्या मामूंच्या कड्यात त्यातलं काहीच नाही. आणि त्यातले मिथाइलवाले मणी आम्ही ओवू शकतो, पण कारखान्याला परवडेल असे नाही. ते अजून बुरशीच बनवते, मोठाल्या टाक्यांमध्ये. वेंगरनी बनवलं ते अभ्यासासाठी. एकेक मणी बदलून बघता येतो, कुठला मणी काय करतो ते कळतं." नव्या रुग्णांना आता बहुतेक ठिकाणी टॅक्रोलिमस देतात, ते पेप्टाइडच नाही, हेही तिनं सांगितलं. पण ज्याला जे औषध इतकी वर्षं मानवलंय, त्याचं ते सहसा बदलत नाहीत.

"म्हणजे बुरशीच," भाऊ म्हणाला.

"बुरशीच," मी म्हटलं.

आपानं घड्याळाकडे पाहिलं. आठला पाच मिनिटं होती. तिनं उठून त्याला पाण्याचा तांब्या आणून दिला आणि तो पाकीट फाडेपर्यंत तिथेच उभी राहिली.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)